कागद जपणारा बाप

१९ ऑगस्ट हा ऑटो फ्रँक यांचा स्मृतिदिन. १९८० साली याच दिवशी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरालगतच्या बिर्सफेल्डेन या गावी वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ॲन फ्रँक हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलामुलींनाही ठाऊक असते. तिची डायरी मराठीत आली आहे, ग्रंथालयांतून ती वाचली जाते. ऑटो फ्रँक हे त्या ॲनचे वडील. ॲमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपून बसलेल्या आठ जणांपैकी जिवंत परतलेले ते एकटेच. मुलीने लिहिले ते जगाने वाचले. पण मधल्या काळात ते लिखाण कोणी जपले, कोणी छापून आणले आणि ते खोटे आहे म्हणणाऱ्यांना कोर्टात कोणी खेचले, याची चर्चा फारशी होत नाही. आम्हाला ती आज करावीशी वाटते. अत्याचार सोसलेल्या प्रत्येक समाजापुढे अत्याचार थांबल्यावर एक प्रश्न उभा राहतोच. झाले ते सांगायचे कोणी आणि सिद्ध करायचे कसे? ऑटो फ्रँक यांच्या आयुष्याची शेवटची पस्तीस वर्षे याच प्रश्नाशी झुंजण्यात गेली.

त्यांचा जन्म १२ मे १८८९ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात झाला. घराणे ज्यू आणि सुखवस्तू; वडिलांची स्वतःची बँक होती. तरुणपणी ऑटो काही काळ न्यूयॉर्कला राहिले, तेथील मेसीज या मोठ्या दुकानात त्यांनी काम शिकून घेतले. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ते जर्मन सैन्यात दाखल झाले. पश्चिम आघाडीवर तोफखान्यात त्यांनी युद्ध अनुभवले आणि १९१८ साली ते लेफ्टनंट झाले. त्यांची आई आणि बहीण लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होत्या. जर्मनी हाच आपला देश, याविषयी या कुटुंबाच्या मनात कधी शंका आली नव्हती. १२ मे १९२५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, ऑटो यांचा एडिथ होलेंडर यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली मार्गोट आणि १२ जून १९२९ रोजी ॲन, अशा दोन मुली त्यांना झाल्या.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. १ एप्रिलला देशभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराचे फर्मान निघाले. दारात वर्दीतले नाझी उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवू लागले. ज्या माणसाने देशासाठी आघाडीवर जीव पणाला लावला होता, तो एका सकाळी त्याच देशात परका ठरला. ऑटो फ्रँक यांनी वेळेवर ओळखले की हे वादळ ओसरणारे नाही. त्याच वर्षी त्यांनी हॉलंडमधील ॲमस्टरडॅम गाठले आणि ओपेक्टा या कंपनीची शाखा सुरू केली. जॅम घट्ट करण्यासाठी लागणारे पेक्टिन विकण्याचा हा व्यवसाय होता. पुढे मसाल्यांचाही धंदा जोडला गेला. मेर्वेडेप्लेन या चौकातल्या घरात मुली डच बोलू लागल्या, शाळेत रमल्या. काही वर्षे बरी गेली.

पण ऑटो बेसावध नव्हते. १९३८ साली त्यांनी रॉटरडॅम येथील अमेरिकन वकिलातीत व्हिसासाठी अर्ज केला. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंडवर हल्ला केला, रॉटरडॅमवर बाँब पडले आणि तिथली अर्जांची कागदपत्रेही नष्ट झाली. एप्रिल १९४१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या दिवसांतले आपले मित्र नेथन स्ट्रॉस यांना पत्र लिहून मदत मागितली. हे स्ट्रॉस अमेरिकन सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. एडिथ यांचे दोन भाऊही अमेरिकेत होते आणि तेही खटपट करीत होते. तरीही हमीपत्रे, अनामत रकमा, नवे नियम, बंद झालेल्या वकिलाती यांच्या चक्रात अर्ज अडकून राहिला. शेवटचा उपाय म्हणून क्यूबाचा व्हिसा काढला. तो १ डिसेंबर १९४१ रोजी मंजूर झाला आणि दहा दिवसांनी जर्मनी व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपताच रद्द झाला. ही पत्रे न्यूयॉर्कच्या एका संग्रहात पडून होती. ती २००७ साली जगापुढे आली. शिकलेल्या, ओळखीपाळखी असलेल्या, पदरी पैसा असलेल्या माणसाची ही गत झाली. ज्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते, त्या लाखो ज्यूंचे काय झाले असेल, याची कल्पना यावरून करावी.

हॉलंडमध्ये नाझींनी सुरुवात गोळीबाराने केली नाही, नोंदणीने केली. जानेवारी १९४१ मध्ये सर्व ज्यूंना आपली नावे नोंदविण्याचा हुकूम झाला. मग त्यांना सिनेमागृहे, बागा, पोहण्याचे तलाव बंद झाले. मुलांना वेगळ्या शाळांत घालण्यात आले. धंदे ज्यूंच्या हातून काढून घेण्यात आले; ऑटो यांनी आपला व्यवसाय विश्वासू सहकाऱ्यांच्या नावावर करून कसाबसा वाचवला. नोव्हेंबर १९४१ मध्ये देशाबाहेरच्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्वच रद्द झाले. मे १९४२ पासून कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. आधी मोजणे, मग वेगळे काढणे, मग खूण लावणे आणि शेवटी उचलून नेणे, असा हा क्रम होता. त्यातली प्रत्येक पायरी कायद्याच्या भाषेत लिहिलेली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

५ जुलै १९४२ रोजी सोळा वर्षांच्या मार्गोटला श्रमछावणीत हजर होण्याचे समन्स आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी फ्रँक कुटुंबाने घर सोडले. प्रिन्सेनग्राख्त या कालव्याकाठच्या रस्त्यावर २६३ क्रमांकाच्या इमारतीत ऑटो यांचे कार्यालय होते. त्याच्या मागच्या भागातील रिकाम्या खोल्या त्यांनी कित्येक आठवडे आधीपासून गुपचूप तयार करून ठेवल्या होत्या. आठवडाभरात फान पेल्स हे तिघांचे कुटुंब आले, नोव्हेंबरात फ्रित्स फेफर हे दंतवैद्य आले. आठ माणसे पंचवीस महिने त्या खोल्यांत राहिली. खाली गोदामात कामगार असत; त्यामुळे दिवसा पावलांचा आवाज करायचा नाही, नळ सोडायचा नाही, संडासाचे पाणी ओढायचे नाही. वाट झाकण्यासाठी पुस्तकांचे एक फिरते कपाट बसवण्यात आले होते.

या आठ जणांना जगवले ते कार्यालयातल्या साध्या नोकरदार माणसांनी. मीप गीस, बेप फॉस्काइल, योहानेस क्लाईमन आणि विक्टर कुग्लर ही त्यांची नावे. मीप यांचे पती यान आणि बेप यांचे वडीलही या कामात होते. रेशनचे कूपन मिळवणे, भाजी-भाकरी आणणे, पुस्तके पोचवणे, बाहेरच्या बातम्या सांगणे, हे सारे त्यांनी पकडले जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना केले. ही माणसे ज्यू नव्हती. आपला काय संबंध, असे म्हणून ती गप्प बसू शकली असती.

ऑटो फ्रँक त्या घराचा कणा होते. भांडणे ते मिटवीत, मुलांचा अभ्यास ते घेत, स्वतः शब्दकोश जवळ ठेवून डिकन्सच्या कादंबऱ्या वाचीत. भिंतीवर त्यांनी मुलींच्या उंचीच्या पेन्सिलने खुणा केल्या. दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्यावर नकाशा चिकटवून त्यावर टाचण्या लावल्या. त्या खुणा आणि तो नकाशा आजही त्या भिंतीवर आहे.

तेराव्या वाढदिवशी मिळालेल्या वहीत ॲन लिहीत होती. मार्च १९४४ मध्ये लंडनहून डच सरकारच्या रेडिओवर एका मंत्र्याने आवाहन केले की या काळातील डायऱ्या, पत्रे, साधे कागदसुद्धा जपून ठेवा; युद्धानंतर लोकांनी काय सोसले याचा तोच पुरावा ठरेल. ते ऐकून पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील या मुलीने आपली सगळी डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली, ती पुस्तक व्हावी म्हणून. तेव्हा ही डायरी म्हणजे एका मुलीचे हळवे मनोगत एवढेच नव्हते. साक्ष द्यायची, हे तिने समजून उमजून ठरवले होते.

४ ऑगस्ट १९४४ रोजी सकाळी पोलीस आले. त्यांचा म्होरक्या कार्ल झिल्बरबॉवर याने दागिने-पैसे भरायला पिशवी शोधली. ज्या चामडी बॅगेत ॲनचे कागद होते, ती त्याने जमिनीवर उपडी केली. कागद विखुरले गेले. लुटण्याजोग्या वस्तू त्याने उचलल्या. कागदाला त्याच्या लेखी किंमत नव्हती. खोलीत पहिल्या महायुद्धातील लष्करी पेटी होती, त्यावर लेफ्टनंट ऑटो फ्रँक असे नाव होते. ते पाहून तो क्षणभर चपापला, पण अटक टळली नाही. कुग्लर आणि क्लाईमन यांनाही नेण्यात आले. मागे राहिलेल्या मीप आणि बेप यांनी जमिनीवरचे कागद गोळा केले. मीप यांनी ते टेबलाच्या खणात ठेवले आणि मुलगी परत आली की तिला द्यायचे म्हणून वाचलेही नाहीत. वाचले असते तर मदत करणाऱ्यांची नावे पाहून जाळून टाकावे लागले असते, असे त्यांनी नंतर सांगितले.

आठही जणांना वेस्टरबोर्क छावणीत आणि तेथून ३ सप्टेंबर १९४४ रोजी ऑश्वित्झला पाठवण्यात आले. वेस्टरबोर्कहून ऑश्वित्झकडे सुटलेली ती शेवटची गाडी होती. तिच्यात १,०१९ माणसे होती. फलाटावर पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे झाल्या. ऑटो यांनी पत्नीला आणि मुलींना पाहिले ते तेथेच शेवटचे. हेर्मन फान पेल्स यांना काही आठवड्यांतच गॅसच्या कोठडीत मारण्यात आले. फेफर डिसेंबरात नॉयेनगामे छावणीत गेले. एडिथ यांचा ६ जानेवारी १९४५ रोजी ऑश्वित्झमध्येच अंत झाला. मार्गोट आणि ॲन यांना बर्गन-बेल्सनला हलवले होते. तेथे १९४५ च्या आरंभी, छावणी मुक्त होण्याच्या थोडे आधी, टायफसने दोघी बहिणी गेल्या. फान पेल्स यांची पत्नी आणि मुलगा पेटर हेही वाचले नाहीत. जानेवारीत नाझींनी ऑश्वित्झ रिकामे करून हजारो कैद्यांना बर्फातून पायी हाकलले, तेव्हा ऑटो आजारी कैद्यांच्या बराकीत पडून होते. म्हणून ते मागे राहिले. २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन लाल सेना आली आणि ते वाचले.

ओडेसाहून जहाजाने मार्सेय, तेथून ॲमस्टरडॅम असा प्रवास करीत ३ जून १९४५ रोजी ते मीप आणि यान गीस यांच्या दारात उभे राहिले. पत्नी गेल्याचे त्यांना वाटेतच कळले होते. मुली येतील या आशेवर ते परतणाऱ्यांच्या याद्या चाळीत होते, भेटेल त्याला विचारीत होते. जुलैमध्ये बर्गन-बेल्सनहून परतलेल्या एका बाईने ती बातमी दिली. तेव्हा मीप यांनी खण उघडला आणि ते कागद त्यांच्या हाती दिले. हॉलंडमधून सुमारे १ लाख ७ हजार ज्यूंना छळछावण्यांकडे नेण्यात आले होते. त्यांतले सुमारे ५ हजार परतले. ऑटो त्यांतले एक. वय ५६, घर नाही, कुटुंब नाही, देश नाही. डच नागरिकत्व त्यांना १९४९ साली मिळाले.

एखादा माणूस ते कागद छातीशी धरून उरलेले आयुष्य रडत बसला असता, तरी कोणी दोष दिला नसता. ऑटो टंकलेखन यंत्रापुढे बसले. मुलीची मूळ वही आणि तिने पुन्हा लिहिलेले कागद जुळवून त्यांनी प्रत तयार केली. अनेक प्रकाशकांनी नकार दिला. युद्धाच्या आठवणी लोकांना नको होत्या. एप्रिल १९४६ मध्ये यान रोमेन या इतिहासकाराने एका दैनिकाच्या पहिल्या पानावर या डायरीविषयी लिहिले, तेव्हा वाट मोकळी झाली. २५ जून १९४७ रोजी पुस्तक निघाले. पहिल्या आवृत्तीच्या प्रती तीन हजारांच्या आसपास होत्या. १९५० साली जर्मन आणि फ्रेंच, १९५२ साली इंग्रजी आवृत्ती आली. १९५५ साली अमेरिकेत नाटक झाले. पुढे सत्तरहून अधिक भाषांत डायरी गेली.

ऑटो फ्रँक यांचे सगळेच बरोबर होते, असे आम्ही म्हणणार नाही. एडिथ यांच्याविषयीचा कडवटपणा आणि वयात येणाऱ्या मुलीने आपल्या देहाविषयी लिहिलेले काही मजकूर त्यांनी गाळले. ते पुढे अभ्यासकांनी पूर्ववत केले. अमेरिकन नाटकात ज्यू म्हणून सोसलेले दुःख पातळ करून सर्वांना रुचेल असे केले गेले, अशी टीका झाली आणि ती आम्हाला रास्त वाटते. आपल्या मुलीचा आवाज सगळ्या जगाचा व्हावा, या ओढीपायी त्यांनी ते चालवून घेतले. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याची ओळख पुसून नुसत्या माणुसकीच्या गोष्टी सांगितल्या, तर अत्याचार करणाराही हळूच त्या माणुसकीत जाऊन बसतो. तरीही हे मान्य करावे लागेल की मूळ वह्यांपैकी काहीच त्यांनी नष्ट केले नाही. गाळलेले पुन्हा घालता आले, कारण कागद शाबूत होते.

कागदाइतकेच घरही महत्त्वाचे होते. प्रिन्सेनग्राख्तची इमारत पाडून टाकण्याचा बेत झाला, तेव्हा लोकांनी विरोध केला. १९५७ साली ऑटो यांच्या सहभागाने संस्था स्थापन झाली आणि ३ मे १९६० रोजी ते घर लोकांसाठी खुले झाले. आतले सामान नाझींनी लुटून नेले होते. नवे सामान आणून खोल्या सजवू नका, त्या रिकाम्याच राहू द्या, असा ऑटो यांचा आग्रह होता. म्हणून आजही तिथे खोल्या रिकाम्या आहेत आणि माणसे रांग लावून त्या पाहतात.

आता सर्वात कठीण भाग. ज्यांनी मारले त्यांच्या वारसांनी पुढे असे म्हणायला सुरुवात केली की असे काही घडलेच नाही. १९५८ साली जर्मनीतील ल्युबेक शहरात एका शिक्षकाने ही डायरी बनावट असल्याचे लिहिले. हा मनुष्य पूर्वी नाझी पक्षात होता. आपल्या मेलेल्या मुलीचे अक्षर खरे आहे, हे सिद्ध करण्याची पाळी बापावर आली! ऑटो यांनी दुर्लक्ष केले नाही. त्यांनी प्रकाशकांसह फिर्याद केली. तज्ज्ञांनी हस्ताक्षर तपासले, डायरी अस्सल ठरवली आणि १९६१ साली त्या शिक्षकाला आपले म्हणणे मागे घ्यावे लागले. १९७० च्या दशकात पुन्हा पत्रके निघाली, पुन्हा खटले झाले. वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतरही हा म्हातारा कोर्टाला कंटाळला नाही. मरताना त्यांनी सर्व हस्तलिखिते डच सरकारच्या युद्धविषयक अभिलेख संस्थेकडे सोपवली. शास्त्रज्ञांकडून कागद, शाई, डिंक, अक्षर सगळे तपासले गेले आणि १९८६ साली सविस्तर निष्कर्षांसह संपूर्ण चिकित्सक आवृत्ती निघाली. २००९ साली युनेस्कोने या डायरीला जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत स्थान दिले.

सूडाची भाषा त्यांनी कधी केली नाही. १९६३ साली झिल्बरबॉवर व्हिएन्नाच्या पोलीस खात्यात नोकरी करीत असल्याचे उघड झाले. त्याला शिक्षा व्हावी म्हणून ऑटो यांनी जोर लावला नाही. हे योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतील. आम्हाला स्वतःला ते पटणे जड जाते. पण त्यांनी आपले बळ कशावर खर्चायचे हे ठरवले होते. १९५३ साली त्यांनी फ्रित्सी गायरिंगर यांच्याशी विवाह केला. त्याही ऑश्वित्झमधून परतलेल्या. त्यांचे पती आणि मुलगा छावणीत बळी गेले होते. जगभरातून येणाऱ्या हजारो पत्रांना, मुलांच्या पत्रांनाही, हे दोघे वर्षानुवर्षे उत्तरे देत राहिले.

हा विषय दूरच्या युरोपातला, असे म्हणून आपल्याला सोडून देता येणार नाही. हे आठ जण त्या खोल्यांत श्वास रोखून बसले होते, त्याच १९४३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधी आणि अस्पृश्यांची मुक्ती या विषयावरील आपल्या इंग्रजी पुस्तकात नाझींचा ज्यूद्वेष आणि इथल्या सनातन्यांचा अस्पृश्यद्वेष हे विचाराने व परिणामाने एकाच जातीचे आहेत, असे मांडले. त्यांची नजर तेव्हाच तिथवर पोचली होती. आणि आपल्याकडे? मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर हिटलरचे आत्मचरित्र ॲन फ्रँकच्या डायरीशेजारी मांडलेले आम्ही पाहिले आहे. तरुण मुले ते शिस्त आणि देशप्रेम शिकण्यासाठी विकत घेतात. साठ लाख माणसे मारणाऱ्याचे पुस्तक आणि त्या साठ लाखांतल्या एका मुलीचे पुस्तक एकाच चादरीवर, एकाच भावात!

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. फुटपाथवर यातले कोणते पुस्तक उचलायचे ते आपल्या मुलांना सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सोसलेले त्यांच्या तोंडून ऐकून तारीख, गाव, नावासह लिहून ठेवा. जुनी पत्रे, दाखले, पावत्या, फोटो रद्दीत घालू नका. झिल्बरबॉवरने दागिने उचलले आणि कागद जमिनीवर फेकले. ते दागिने कुठे गेले हे आज कोणाला ठाऊक नाही. कागद मात्र ॲमस्टरडॅमच्या त्या घरात आहेत.